ठेका कुठला, सूर कुठला

‘श्री ४२०’ हा सिनेमा १९५५ साली आला. अलाहाबादहून नशीब काढायला मुंबईत आलेल्या एका पोराची ती गोष्ट. लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास पानिपतचे आणि काढणारे राज कपूर पेशावरचे. संगीतकारांच्या जोडीतले शंकर हैदराबादेत वाढलेले, तर जयकिशन गुजरातेतल्या वांसद्याचे. गीतकारांपैकी हसरत आपल्या नावातच जयपूर घेऊन आले होते. शैलेंद्र यांचं घराणं बिहारातलं, जन्म रावळपिंडीचा आणि नोकरी मुंबईत रेल्वेच्या कारखान्यात. गायला दिल्लीचे मुकेश, कलकत्त्याचे मन्ना डे, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग या खेड्यातले रफी, आणि इंदुरात जन्मून सांगली-कोल्हापुरात वाढलेल्या लता मंगेशकर. वाद्यवृंद बांधणारे सेबॅस्टियन डिसोझा आणि ढोलकाची बाजू सांभाळणारे दत्ताराम, दोघेही गोव्याचे. त्यातल्या एका गाण्याच्या मुखड्यात चक्क तेलुगू शब्द आहेत, आणि ते गाणं मुंबईच्या फुटपाथवर राहणारी माणसं गातात. पडद्यावर त्यांच्यात ललिता पवारांनी उभी केलेली केळेवालीही असते.

सोव्हिएत संघात राज कपूरचे सिनेमे पोचले तेव्हा तिथल्या माणसांनी ही गाणी ‘भारतीय’ म्हणून ऐकली. आपणही त्यांना ‘हिंदी गाणी’ म्हणून मोकळे होतो. दोन्ही नावं खरी आहेत आणि दोन्ही फार काही सांगत नाहीत. हिंदी सिनेमाचं गाणं ज्या भाषेत लिहिलं जातं ती भाषा मुंबईची नाही. ज्या शहरात ते तयार झालं तिथे ती भाषा बोलणारेही बाहेरून आले. गाण्याला घडवणारे बहुतेक जण रोजगारासाठी आले, आणि येताना जे हाताला येत होतं ते घेऊन आले. कोणत्या प्रांताचा रंग गाण्यात केव्हा चढला, हे पाहायचं असेल तर संगीतशास्त्राच्या ग्रंथांआधी रेल्वेचं वेळापत्रक, फाळणी, दारूबंदी आणि बंद पडलेले स्टुडिओ यांच्याकडे पाहावं लागतं.

दुसरी गोष्ट ऐकणाऱ्याच्या कानाशी निगडित आहे. प्रांत ओळखायला आपण शब्द आणि चाल पकडतो. पण चाल सहज प्रवास करते, शब्द बदलता येतात. ठेका मात्र वाजवणाऱ्याच्या मनगटात मुरलेला असतो आणि तो लपत नाही. कागदावर केरवा आठ मात्रांचाच. तोच पंजाबी ढोलकवाल्याच्या हातात झोके घेत पुढे ढकलतो, दत्ताराम यांच्या हातात सुटसुटीत आणि टोकदार होतो (वादक मंडळी त्याला आजही ‘दत्तू ठेका’ म्हणतात), आणि तमाशाच्या ढोलकीवर तर त्याचं रूपच पालटतं. गुजरातेतली हिंच, मुंबईची कोळीगीतं आणि गोव्याची दुलपदं पाठोपाठ ऐकली तर पश्चिम किनाऱ्याला सहाच्या मोजणीचा हेलकावा किती आवडतो ते लगेच ध्यानात येतं. या किनारपट्टीवर तीन भाषा बोलल्या जातात, पण कंबर एकाच अंगाने हलते.

बोलपटाची सुरुवात मुंबईची. ‘आलमआरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. पण पहिल्या दहा वर्षांत गाण्याची चव ठरवली ती कलकत्ता आणि कोल्हापूर-पुणे या दोन ठिकाणांनी. कलकत्त्यात न्यू थिएटर्सकडे रायचंद बोराल, पंकज मलिक, तिमिर बरन ही माणसं होती. गाणं संथ, शब्दाला जपणारं, वाद्यमेळ मागे हलका. पार्श्वगायनाची पद्धतही तिथेच, १९३५च्या ‘धूप छांव’पासून रुळली. जम्मूत जन्मलेल्या कुंदनलाल सैगल यांना बंगाली वळण लागलं ते याच स्टुडिओत. इकडे ‘प्रभात’ १९२९ साली कोल्हापुरात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिचे संगीतकार गोविंदराव टेंबे, मास्तर कृष्णराव, केशवराव भोळे, म्हणजे संगीत रंगभूमीच्या दारातूनच आलेले लोक. ‘माणूस’मध्ये (१९३९) शांता हुबळीकरांनी म्हटलेलं एक गाणं अनेक भाषांमधून फिरून येतं. देशाच्या सगळ्या प्रांतांना एका कोठीवर आणून बसवण्याची ती कल्पना काळाच्या पुढची होती. तरीही नाट्यसंगीताचा हा वळसा हिंदीत फार काळ टिकला नाही. तान घेण्याची, शब्द फोडून खेळवण्याची मराठी रंगभूमीची सवय तीन मिनिटांच्या तबकडीत मावत नव्हती, आणि उत्तरेतल्या श्रोत्याला तिची ओढही नव्हती.

ती ओढ कशाची होती हे लाहोरने दाखवलं. पंचोलींचा ‘खजांची’ १९४१ साली आला. संगीत मास्टर गुलाम हैदर यांचं, आवाज शमशाद बेगम यांचा. त्यातलं सायकलवरून जाणाऱ्या मुलामुलींचं गाणं आज पाहिलं तर साधंच वाटेल. तेव्हा त्याने कलकत्त्याची शांतता मोडली. ढोलक पुढे आला. लग्नघरात बायका जो ठेका धरतात तो माइकसमोर आला. शमशाद बेगम यांचा आवाज मोकळा, उघड्या अंगणात पलीकडच्या गच्चीपर्यंत पोचेल असा. कलकत्त्याने गाणं दिवाणखान्यात बसवलं होतं, लाहोरने त्याला रस्त्यावर काढलं. गुलाम हैदर पुढे मुंबईत आले. लताबाईंना ‘मजबूर’मध्ये (१९४८) मोठी संधी देणारे हेच, आणि फाळणीनंतर ते लाहोरला परतले. गायिका नूरजहाँही तिकडे गेल्या. पण त्यांच्या जाण्याने मुंबईतलं पंजाबी वळण कमी झालं नाही, उलट वाढलं. कारण तिकडून इकडे आलेल्यांची रांग मोठी होती.

त्या रांगेत लाहोरमध्ये जन्मलेले ओंकारप्रसाद नय्यर होते. ‘नया दौर’ (१९५७) हा टांगा विरुद्ध मोटार असा सामना. नय्यर यांनी घोड्याच्या टापांचाच ठेका केला आणि त्या वर्षीचं फिल्मफेअर नेलं. टापांचा हा ठेका पुढे त्यांच्या नावाला चिकटला, इतका की नुसतं ‘टक् टक्’ ऐकून लोक संगीतकाराचं नाव सांगत. लताबाईंकडून एकही गाणं न गाऊन घेता एवढी लोकप्रियता मिळवणारा त्या काळात दुसरा कोणी झाला नाही. त्यामागे जी भांडणं सांगितली जातात ती बाजूला ठेवली तरी एक संगीताचं कारण उरतं. नय्यर यांना हवा असलेला ठसका गीता दत्त, शमशाद आणि आशा भोसले यांच्या गळ्यात होता.

मात्र जन्मगाव सांगितलं की काम झालं, असं समजणं धोक्याचं. रोशन गुजरानवाल्याचे, खय्याम पंजाबातल्या राहोंचे. दोघांची गाणी ऐकून ढोलकाची थाप आठवत नाही. रोशन लखनौच्या संगीत विद्यालयात शिकले आणि कव्वालीत रमले. खय्याम पहाडी धुनेच्या संथपणात. प्रांत हा माणसाच्या दाखल्यावर असतो त्याहून त्याच्या शिक्षणात आणि सोबतीत जास्त असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण गोवा.

पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चला जोडून शाळा असत. मेस्त नावाचा शिक्षक गावातल्या पोरांना सोल्फेज म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवी. हेतू प्रार्थनेचा, पण त्यातून गावोगाव स्वरलिपी वाचणारे हात तयार झाले. गोव्यात त्यांना पोटापुरतं काम नव्हतं. मग ते ब्रिटिश हिंदुस्थानात गेले. लष्कराच्या नि संस्थानिकांच्या बँडमध्ये, बोटींवर, मूकपटांच्या थिएटरात पडद्यापुढे बसून वाजवायला, मोठ्या हॉटेलांत नाचाच्या संगीताला. मुंबईत धोबीतलाव, डाबूल, माझगाव भागांत प्रत्येक गोमंतकीय गावाची आपली ‘कूड’ असे. सामानाची पेटी, भिंतीवर गावची सायबीण किंवा संत, आणि रात्री परतायला हक्काची जागा. बोलपट आला तेव्हा मूकपटाच्या वादकांची नोकरी गेली. १९५०च्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली तेव्हा हॉटेलांतले नाच मंदावले आणि जॅझ वाजवणाऱ्यांचे हात रिकामे झाले. दोन्ही वेळा त्यांना सामावून घेणारी एकच जागा होती, सिनेमाचा रेकॉर्डिंग हॉल. हिंदी गाण्यात पन्नासच्या दशकात अचानक भरून आलेली व्हायोलिनं आणि ट्रम्पेट यामागे मोरारजीभाईंच्या दारूबंदीचाही वाटा आहे, हे त्यांनी स्वतः कबूल केलं असतं की नाही कोण जाणे.

त्या हॉलमध्ये थोडं थांबून पाहायला हवं. ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा महालक्ष्मीचं फेमस. साठ-सत्तर वादक एका वेळी बसलेले, कारण वेगवेगळे ट्रॅक नंतर जोडायची सोय नाही. एकाचा सूर चुकला की सगळ्यांचा टेक पुन्हा. व्हायोलिनच्या रांगेपुढे स्टँडवर पाच रेघांचे कागद. तिथले शेरे इंग्रजीत, आपापसातली बडबड कोकणीत. सतार आणि बासरीवाल्यांच्या मांडीवर वही, तिच्यात सा रे ग म देवनागरीत लिहिलेलं. तबला-ढोलकवाल्यांपुढे कागद नाहीच. त्यांना एकदा ‘असं’ म्हणून हाताने दाखवलं की पुरे. गायिकेच्या हातातला शब्दांचा कागद तिच्या लिपीत. आणि या सगळ्यांच्या मधोमध अरेंजर. संगीतकाराने पेटीवर मुखडा आणि अंतरा गुणगुणलेला असतो. पण त्यांच्यामध्ये काय वाजेल, आवाजाच्या पाठीमागे व्हायोलिनची दुसरी धार कुठून निघेल, हे रात्री जागून कागदावर उतरवणारा हा माणूस. हिंदुस्थानी रागाला हार्मनीची सवय नाही. चर्चच्या गाण्याला हार्मनीशिवाय चैन नाही. या दोघांना भांडू न देता एका गाण्यात बसवणं, हे गोव्याच्या अरेंजरांनी केलेलं काम. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या एका हॉटेलात स्वतःचा बँड चालवत. तिथून मुंबईत येऊन त्यांनी नय्यर यांची गाणी सजवली आणि शंकर-जयकिशन यांचीही. पंजाबचा ठेका आणि गोव्याची व्हायोलिनं यांची ओळख मुंबईत व्हायच्या आधीच लाहोरात झाली होती, असं म्हणायला हरकत नाही.

अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. संगीतकार प्यारेलाल यांना व्हायोलिन त्यांनी शिकवलं. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागांवर सिंफनी रचून मुंबईत तिचा कार्यक्रम केला. सिनेमाच्या पडद्यामागचे लोक पहिल्यांदाच पुढे बसले होते. ती वाट पुढे गेली नाही. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या (१९७७) गाण्यात प्यारेलाल यांनी गुरूचं पूर्ण नाव घातलं आणि ते देशभर गाजलं. मात्र ते खऱ्या माणसाचं नाव आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आल्दोनाचे आंतोनियु झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवत. सी. रामचंद्र यांनी त्यांना हाताशी धरलं, आणि ‘अलबेला’त (१९५१) ते आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर आणि आल्दोनाचा ट्रम्पेटवाला यांनी मिळून हिंदी सिनेमाला जॅझवर नाचायला शिकवलं, हे लक्षात घेतलं की ‘परकीय प्रभाव’ हा शब्द किती ढोबळ आहे ते कळतं. तो प्रभाव बोटीने आला नव्हता, कोकण किनाऱ्याने आला होता. गोव्याच्या एका प्रसिद्ध देखणीची (नाचाच्या गाण्याची) चाल ‘बॉबी’त (१९७३) उघडपणे आली, पण त्याआधीची वीस वर्षं गोवा गाण्यांत भरलेला होता, फक्त त्याला कोणी गोवा म्हणत नव्हतं.

बंगालची गोष्ट वेगळी, कारण तिथून आलेल्यांनी आपला प्रांत लपवला नाही. सचिन देव बर्मन कुमिल्ल्याचे, त्रिपुराच्या राजघराण्यातले. १९४४ मध्ये ते मुंबईत आले ते नाविकांची भटियाली कानात घेऊन. नदीच्या प्रवाहाबरोबर नाव सोडून दिल्यावर वल्हं मारायची घाई नसते. त्या गाण्यात म्हणूनच सूर लांबतो आणि ठेका नुसता पाठीमागे असतो. ‘सुजाता’ (१९५९), ‘बंदिनी’ (१९६३), ‘गाईड’ (१९६५) या सिनेमांत ते स्वतः गायले आणि तिन्ही वेळा आवाज नायकाचा नाही. नावाडी किंवा दिसत नसलेला कोणीतरी, कथेकडे लांबून पाहणारा. त्यांचा तो काहीसा नाकातला, खरखरीत उच्चार रफींच्या घोटीव गायनाशेजारी ठेवला की लक्षात येतं की प्रांताला गळ्यात जागा मिळाली ती अशा अपवादानेच. सलील चौधरी यांचं बालपण आसामातल्या चहाच्या मळ्यांत गेलं. वडील तिथे डॉक्टर. घरात पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या, बाहेर निरनिराळ्या मुलुखांतून आणलेल्या मजुरांची गाणी. ‘मधुमती’तली (१९५८) डोंगरातली गाणी या दोन्हींच्या मिश्रणातून आलेली आहेत. याच सलीलदांनी १९६५ मध्ये केरळच्या कोळ्यांवरच्या ‘चेम्मीन’ला संगीत दिलं, त्यातलं एक गाणं मन्ना डे मल्याळममध्ये गायले, आणि आज तो सिनेमा मल्याळी माणसाला पूर्णपणे आपला वाटतो.

लखनौचे नौशाद यांचं नाव घेतलं की लोकांना ‘बैजू बावरा’चे राग आठवतात. पण त्यांची पहिली मोठी लाट ‘रतन’ची (१९४४), आणि ती उत्तर प्रदेशातल्या लोकधुनांवर उठली. ‘गंगा जमुना’त (१९६१) त्यांनी अवधी बोलीला पुरा मान दिला. राजस्थानकडून सुजानगडचे खेमचंद प्रकाश आले, त्यांनी ‘महल’ (१९४९) दिला आणि पुढच्याच वर्षी ते गेले. बिकानेरकडचे गुलाम मोहम्मद नौशाद यांच्याकडे ढोलक आणि मटका वाजवत. ‘पाकीजा’ पडद्यावर येण्याआधीच त्यांचंही निधन झालं. काश्मीरचं संतूर सिनेमात शिरलं ते ‘झनक झनक पायल बाजे’मधून (१९५५), तरुण शिवकुमार शर्मा यांच्या हातून. संगीतकार सावंतवाडीकडचे वसंत देसाई, दिग्दर्शक कोल्हापूरचे शांताराम. त्यानंतर पडद्यावर बर्फ दिसलं की संतूर वाजायचंच, अशी जणू पद्धतच पडली.

मग महाराष्ट्र? सगळं घडत होतं मुंबईत, आणि लावणी, पोवाडा, कोळीगीत ही त्या शहराच्या दारातली गाणी. गिरणगावात तमाशाच्या कनाती भरत होत्या. तरी हिंदी गाण्यात मराठी माणसं जागोजागी आणि मराठी ठेका क्वचित, हे चित्र अनेक दशकं राहिलं. लता, आशा, सी. रामचंद्र, वसंत देसाई, लक्ष्मीकांत कुडाळकर, तबल्यावर मारुतीराव कीर. नावं काढायला बसलं तर पान पुरायचं नाही. ढोलकीच्या कडकडाटाची हिंदी गाणी मात्र बोटांवर मोजण्याइतकी. याचं एक कारण सुखाचं आहे. त्या ढोलकीला स्वतःचं घर होतं. वसंत पवार यांच्या लावण्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्यात एकाच थिएटरात दोन वर्षांहून अधिक चालला. राम कदम यांच्या ‘पिंजरा’ने (१९७२) पुन्हा तशीच गर्दी खेचली. ज्याला आपल्या अंगणात दाद मिळते तो शेजारी कशाला जाईल? दुसरं कारण फारसं सुखाचं नाही. हिंदी सिनेमाची कमाई उत्तरेत होती आणि गाणं उत्तरेच्या कानाला परकं वाटता कामा नये, हा अलिखित नियम होता. लताबाईंच्या सुरुवातीच्या काळात दिलीपकुमार यांनी मराठी गायकांच्या उर्दूला डाळभाताचा वास येतो असा टोमणा मारला आणि त्यांनी मौलवी ठेवून उच्चार घासूनपुसून घेतले, ही हकिकत त्यांनीच सांगितलेली आहे. टोमण्याने त्यांचं भलंच झालं, त्यात वाद नाही. पण त्या गोष्टीत हिंदी गाण्याचा एक करार दिसतो. ठेक्यात, वाद्यात, चालीत तुमचा प्रांत आणा, तो आम्हाला हवा आहे. गळ्यात आणू नका.

हा करार आकाशवाणीने मोडला नाही, उलट पक्का केला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर पुण्याकडचे. त्यांनी शास्त्रीय संगीताच्या प्रेमापोटी रेडिओवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार केली. श्रोते मुकाट्याने सिलोनकडे वळले, आणि डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानी यांची बिनाका गीतमाला बुधवारची रात्र अडवून बसली. सरकारला १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. या पाच वर्षांत कोहिमापासून कोल्हापूरपर्यंत सगळ्यांनी एकाच क्रमाने तीच गाणी ऐकली. देशाची एक आवड घडवण्याचं काम परदेशातल्या केंद्राने केलं आणि त्याला निमित्त एका मराठी मंत्र्याचं. केसकरांचा हेतू नेमका उलटा होता.

दक्षिणेने हा खेळ वेगळ्या रीतीने खेळला, कारण तिला मुंबईची गरज नव्हती. पन्नैपुरमचे इळैयाराजा ‘अन्नकिळी’ (१९७६) घेऊन आले तेव्हा तमिळ सिनेमात शेतावरची, मजुरांच्या वस्तीतली गाणी आणि त्यांची चर्मवाद्यं मानाने वाजली. त्याच माणसाने पाश्चात्त्य सिंफनीची बांधणीही त्याच गाण्यांत आणली, आणि मध्ये मुंबई कुठेच नव्हती. ‘रोजा’ (१९९२) हिंदीत आला आणि ए. आर. रहमान यांनी दिशा पालटली. आता मुंबईच्या निर्मात्यांनी चेन्नईला जायचं. ‘दिल से’मधलं (१९९८) आगगाडीच्या टपावरचं गाणं घ्या. मूळ आधार बुल्लेशाह यांच्या पंजाबी काफीचा, शब्द झेलम जिल्ह्यात जन्मलेल्या गुलजार यांचे, आवाज सुखविंदर सिंग आणि सपना अवस्थी यांचे, संगीत चेन्नईचं आणि गाडी निलगिरीची. ‘श्री ४२०’च्या काळात असा मेळ मुंबईत बसे. आता तो कुठेही बसू लागला होता.

त्याआधीच कॅसेटने पाया हलवला होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, छोट्या गावातला माणूस स्वतःचं गाणं ध्वनिमुद्रित करून बाजारात आणू लागला. एचएमव्हीची मक्तेदारी गेली. महाराष्ट्रात प्रल्हाद आणि आनंद शिंदे यांचे आवाज टपऱ्यांवरून, एसटीच्या थांब्यांवरून घुमू लागले, पंजाबात आखाडे गाजवणाऱ्यांच्या कॅसेट ट्रकमधून देशभर फिरल्या, भोजपुरीची तर वेगळी दुनियाच उभी राहिली. प्रांताला आता सिनेमाच्या दारात उभं राहायची गरज उरली नाही. साउथॉल आणि बर्मिंगहॅममधल्या पंजाबी पोरांनी भांगड्याला ड्रम मशीन जोडलं, १९९५ मध्ये दलेर मेहंदी घराघरांत पोचले, आणि तो आवाज हिंदी सिनेमाने उचलला.

तिथपासून आजपर्यंत पंजाबीचाच जोर आहे, आणि तो गरजेपेक्षा जास्त आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. गुलाम हैदर यांच्या वेळी पंजाबी ठेका हा इतरांतला एक होता. आता गाणं मराठी पार्श्वभूमीचं असो की बंगाली, लग्नाचं म्हटलं की त्यात पंजाबी शब्द पेरले जातात. हॉलमध्ये साठ वादक नसतात, संगणकावर ढोलाचा तयार तुकडा असतो. प्रांत आता माणसाबरोबर येत नाही, फाइलमधून येतो. जिथून ती चाल आली त्या माणसाला मात्र काही मिळत नाही. राजस्थानातल्या मांगणियारांचं गाणं ‘हम दिल दे चुके सनम’मध्ये (१९९९) आलं, छत्तीसगढचं ‘दिल्ली ६’मध्ये (२००९). दोन्ही देशभर वाजली. ‘पारंपरिक’ या एका शब्दात पिढ्यान् पिढ्या ती जपणाऱ्यांचा हक्क संपतो.

उलट दिशेचं उदाहरणही आहे, आणि ते घरचं आहे. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसला जाऊन मुद्रित केला आणि त्याच्या शेजारी हलगी ठेवली. हलगी मागे गेली नाही. गाणी मराठीतच राहिली आणि महाराष्ट्राबाहेर नाचली गेली. जे वसंत पवारांच्या ढोलकीला मुंबईत राहून जमलं नाही ते झालं, कारण यावेळी उत्तरेच्या कानाची कोणी विचारपूस केली नाही.

या विषयावर लिहायला बसलेल्या प्रत्येकाची एक अडचण होते. संगीतकार, गायक, गीतकार यांची नावं तबकडीवर छापलेली आहेत. वाजवणाऱ्यांची नाहीत. मादल वाजवून राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत दार्जिलिंगचा डोंगर आणणारे रणजित गझमेर, सॅक्सोफोनचे मनोहारी सिंग, तालवाद्यांतलं पारशी लॉर्ड घराणं, अशी काही नावं उशिरा उजेडात आली. बाकीची शेकडो नावं कुठेच नोंदलेली नाहीत. त्यांच्या स्वरलिपीचे कागद, मानधनाच्या वह्या, हॉलमधले फोटो अजून दादर, वांद्रे, गिरगाव, म्हापसा, मडगाव इथल्या घरांत माळ्यावर असतील. ज्या वाचकाच्या घरी असं काही असेल त्याने ते रद्दीत देऊ नये. फोटोमागे पेन्सिलीने नावं आणि साल लिहून ठेवावं, आणि शक्य असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला किंवा जवळच्या एखाद्या जाणत्या संग्राहकाला कळवावं. घरात कोणी वाजवणारं हयात असेल तर त्यांना समोर बसवून त्यांचं बोलणं आजच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावं.